खानदेशी आहाराचा हिशेब आणि मोबाइलवरील अ‍ॅपची निवड

शेतात किती बी पेरले, किती खत घातले आणि किती माल निघाला, याचा हिशेब ठेवणारा शेतकरी आता पुष्कळ गावांत आढळतो. घरातील माणसांच्या पोटात रोज काय जाते, याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. हे काम करणारी अनेक अ‍ॅप आता मोबाइलवर मिळतात. खाल्लेल्या पदार्थाचे नाव व प्रमाण भरले की उष्मांक, प्रथिने, लोह इत्यादींचे आकडे ती दाखवितात. ही सोय चांगली आहे. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ताटात जे पदार्थ असतात, ते अ‍ॅपला ठाऊक नसतील तर मिळणारा आकडा फसवा ठरतो, आणि फसव्या आकड्यावरून आहार बदलणे हे आकडा नसण्यापेक्षाही वाईट होय.

आकडे येतात कोठून?

अन्नातील घटक प्रयोगशाळेत मोजावे लागतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः राष्ट्रीय पोषण संस्थेने केले आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेले हे कार्य १९५८ साली हैदराबादला हलविण्यात आले. संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ अन्नपदार्थांचे घटक त्यांत दिले आहेत. याच संस्थेने २०१९ साली ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे अ‍ॅपही काढले. म्हणून कोणतेही अ‍ॅप घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की, त्यातील आकडे भारतीय तक्त्यांवर आधारलेले आहेत की परदेशी? अ‍ॅपच्या माहितीत हा उल्लेख नसेल आणि पदार्थांचे आकडे वापरणाऱ्यांनीच भरलेले असतील, तर त्यावर विसंबू नये.

या तक्त्यांतील बहुतेक आकडे कच्च्या धान्याचे व भाजीपाल्याचे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. भाकरीत पाणी असते. म्हणून शंभर ग्रॅम भाकरी म्हणजे शंभर ग्रॅम पीठ नव्हे.

पोषण ट्रॅकर हे निराळे साधन

अंगणवाडी सेविकांच्या हाती केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप १ मार्च २०२१ पासून आहे. बालकांचे वजन व उंची, लाभार्थींची नोंद, पूरक आहाराचे वाटप यांसाठी ते आहे. एखाद्या घरी आज काय शिजले, याचा हिशेब त्यात होत नाही. तेव्हा एकाचे काम दुसऱ्याकडून होईल, अशी अपेक्षा धरू नये.

पाच पदार्थांची परीक्षा

अ‍ॅप पारखण्याची सोपी रीत अशी : कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी आणि बट्टी ही पाच नावे मराठीत लिहून शोधावीत. बहुधा यांतील काही नावे सापडणार नाहीत आणि अ‍ॅप त्यांच्या जागी जवळचा पदार्थ सुचवील. चूक होते ती येथेच.

कळण्याचे उदाहरण घ्यावे. त्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. उडदात सुमारे २२ ग्रॅम असतात. चार भाग ज्वारी व एक भाग उडीद असे प्रमाण धरल्यास शंभर ग्रॅम कळण्यात ८ अधिक ४.४, म्हणजे सुमारे १२.४ ग्रॅम प्रथिने येतात. अ‍ॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी’ एवढेच नोंदविले, तर दर शंभर ग्रॅम पिठामागे सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने हिशेबातून गळतात.

बाजरीचेही तसेच. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते, तर गव्हाच्या पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम. अडीचशे ग्रॅम बाजरीच्या भाकरी खाणाऱ्या स्त्रीची नोंद ‘पोळी’ म्हणून केली, तर सहा मिलिग्रॅम लोहाची तफावत पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. अशा स्थितीत ही तफावत क्षुल्लक म्हणता येत नाही.

भरिताच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. एक किलो वांगी (सुमारे २५० उष्मांक), ६० ग्रॅम तेल (५४० उष्मांक) आणि ५० ग्रॅम शेंगदाणे (२६० उष्मांक) यांचे भरीत पाच जणांनी खाल्ले, तर प्रत्येकास सुमारे २१० उष्मांक मिळतात. मिरची, लसूण व कांद्याच्या पातीचे उष्मांक अल्प असतात. नुसत्या वांग्याचा हिशेब धरला, तर हाच आकडा ५० दिसेल. शेवभाजीतील तळलेली शेव व तर्री, तसेच वाफवून, काप करून तळलेली बट्टी यांनाही हाच नियम लागू आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, पाचही नावे ज्यात तयार आहेत असे अ‍ॅप शोधत बसण्यापेक्षा, घरची कृती स्वतः भरता येते असे अ‍ॅप निवडावे. सर्व कच्चे जिन्नस एकदा वजनकाट्यावर मोजावेत, ते अ‍ॅपमध्ये भरावेत, खाणाऱ्यांची संख्या घालावी आणि ती कृती आपल्या नावाने जतन करावी. हे काम प्रत्येक पदार्थासाठी एकदाच करावे लागते. ‘एक वाटी’ हे माप घरोघरी निराळे असल्याने आपल्या वाटीत किती ग्रॅम मावते, तेही एकदा मोजून ठेवावे.

श्रमाची नोंद

अ‍ॅप सुरू करताना वय, वजन व कामाचा प्रकार विचारला जातो. येथे निष्काळजीपणा झाल्यास पुढील सर्व सल्ला चुकतो. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीस बैठे काम असल्यास दिवसाला १६६० उष्मांक पुरतात. मध्यम श्रमास २१३० आणि भारी श्रमास २७२० लागतात. ६५ किलो वजनाच्या पुरुषाचे आकडे अनुक्रमे २११०, २७१० व ३४७० आहेत. कापूस वेचणीस किंवा केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या स्त्रीची नोंद बैठ्या कामाची झाली, तर अ‍ॅप तिला ‘कमी खा’ असे सांगेल. ज्या बाईस एक भाकरी अधिक हवी, तिच्या ताटातील भाकरी त्यामुळे कमी होईल. कार्यकर्त्यांनी ही नोंद स्वतः तपासून पाहावी.

निवडताना पाहावयाच्या इतर बाबी

१. भाषा मराठी असावी व घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचता यावी.
२. शिवारात संपर्क नसताना नोंद करता यावी.
३. उष्मांकांबरोबर प्रथिने व लोह यांचेही आकडे दिसावेत.
४. पैसे भरल्याशिवाय मुख्य काम अडू नये.
५. फोनमधील संपर्क, छायाचित्रे इत्यादी अनावश्यक परवानग्या मागणारे अ‍ॅप टाळावे.
६. चूर्णे वा डबाबंद पावडरी विकण्यावर ज्याचा भर आहे, त्याचा सल्ला सावधपणे घ्यावा.

अ‍ॅपची मर्यादा

अ‍ॅप लोह मोजते, पण त्यातील किती अंगी लागले हे त्यास कळत नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास धान्य व पालेभाजीतील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. गरोदर स्त्रिया, मधुमेही व मूत्रपिंडाचे रोगी यांनी अ‍ॅपच्या सांगण्यावरून आहार अथवा औषध बदलू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रोज नोंद करणे जमत नसल्यास सुगी, उन्हाळा व पावसाळा अशा तीन वेळा प्रत्येकी तीन दिवसांची नोंद ठेवली, तरी घरच्या आहारात उणे काय ते कळून येईल. ते उणे डाळ, शेंगदाणे, पालेभाजी यांनीच भरून काढता येते. वजनकाटा जसा खरा असल्याची खात्री करूनच माल तोलावा, तसेच अ‍ॅप आपल्या चुलीवरील अन्नाशी ताडून पाहावे आणि मगच त्याचे ऐकावे.