वेगवान निरोप आणि लेखी नोंद

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले, एप्रिल 2002 पासून इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास मर्यादित परवानगी मिळाली आणि जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. अवघ्या अठरा वर्षांत व्यापारी पत्रव्यवहाराने कूस पालटली.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा व वाळूज औद्योगिक वसाहतीही यास अपवाद नाहीत. मोठ्या कारखान्यांस सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाकडे पूर्वी टपालाने मागणी येई. पुढे ती ई-मेलने येऊ लागली. आता तातडीचे फेरबदल व्हॉट्सॲपवर, पुष्कळदा केवळ बोलण्यावर, ठरतात. खर्च घटला, वेळ वाचला, हे निर्विवाद.

परंतु बोललेला शब्द मागे खूण ठेवीत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यान्वये लघुपुरवठादाराचे पैसे, करार काहीही असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजेत. मालाविषयी 15 दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. तेव्हा तारीखवार नोंद हेच दुर्बळ पक्षाचे शस्त्र होय. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीस मान्यता दिली. पण नोंदच नसेल तर कायदा काय करणार?

बोलणी खुशाल फोनवर व्हावीत; मात्र ठरलेला दर, नग व मुदत त्याच दिवशी ई-मेलने कळवून पोच घ्यावी. वाणिज्य महाविद्यालयांनी पत्रलेखनाबरोबर ही शिस्तही शिकवावी. निरोपाचा वेग जितका वाढेल, तितकी नोंदीची गरजही वाढते.