दहा श्वासांचा एक मणी

गेल्या थंडीत माझी भाची बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन जेमतेम दोन किलो. घरी आल्या आल्या जावईबापूंनी बाहेरून मागवलेला एक मोजा बाळाच्या पायात चढवला. नाडी किती, रक्तात ऑक्सिजन किती, सगळं मोबाइलवर! रात्री दोनदा तो केकाटला. घरभर दिवे लागले. बघतो तर काय, मोजा पायातून सरकलेला!

तिसऱ्या रात्री मोजा गप्प होता. "आज किती शांत झोपलंय," भाची म्हणाली. पण बाळ ओढून पीतही नव्हतं. माझ्या बहिणीने पोटाला हात लावला, मग तळपायाला. दोन्ही गार. "अगं, शांत कसलं, गारठलंय ते!" उघडं बाळ भाचीच्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळली आणि तसंच दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून निभावलं.

त्या मोज्याला तरी दोष कसा द्यायचा? अंगाची ऊब मोजणं त्याचं कामच नव्हतं. आम्हीच समजलो की तो सगळं बघतोय.

मला आठवला गडचिरोलीचा श्वासमापक. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तो गावातल्या सुईणींसाठी केला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण शाळेची पायरी न चढलेल्या बाईने साठपर्यंत मोजायचं कसं? म्हणून मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, की बाळ आजारी! ना बॅटरी, ना मोबाइल. वापरणारीला काय येतं, हे आधी पाहिलं आणि मग वस्तू घडवली.

बेंगळुरूच्या 'बेम्पू'ने कमी वजनाच्या बाळांसाठी मनगटात घालायचं कडं काढलं, त्यातही हीच समज दिसते. बाळ उबदार असलं की निळा दिवा लुकलुकतो. गारठलं तर नारिंगी दिवा लागतो आणि कडं वाजतं. आकडा वाचायची गरजच नाही. 2017 साली 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांमध्ये त्याची गणना केली.

मैत्रिणींनो, यंत्र जरूर घ्या, पण ते काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे डॉक्टरांना आधी विचारा. बाळ दूध ओढत नसेल, गार लागत असेल, श्वास जोरजोरात चालला असेल, तर यंत्राची वाट बघू नका. आशाताई घरी येतात तेव्हा श्वास मोजायला त्यांच्याकडून शिकून घ्या.

भाचीचं बाळ आता रांगतंय. मोजा कपाटात आहे. बहीण मात्र अजूनही झोपायच्या आधी त्याच्या तळपायाला हात लावून बघते.