महागड्या वायरीने आवाज सुधारतो?

स्पीकरला महागडी वायर जोडली की आवाज खुलतो, असं दुकानात हमखास सांगतात. हिशेब करून पाहू. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पाच मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध जेमतेम ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. कानाला हा फरक कळत नाही.

खरा घात होतो सांध्यात. कोकणातल्या दमट हवेत वायरीची उघडी टोकं काळी-हिरवी पडतात, स्क्रू सैल होतो, आवाज खरखरतो. महागड्या वायरीच्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

म्हणून आधी टोकं कापून नव्याने सोला, स्क्रू आवळा आणि दोन्ही स्पीकरना लाल-काळं सारखंच जोडलंय ना, ते बघा. एक जरी उलटं असेल, तर तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पार हरवतो.