चंद्रपूरची राख रस्त्याच्या पोटात

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे, राज्य सरकारी वीज केंद्रांत सर्वांत मोठे. आपल्याकडच्या दगडी कोळशात सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. वीज दूरच्या शहरांना जाते, राख मात्र इथेच उरते. तिचा काही भाग सिमेंट कारखाने आणि वीट बनवणारे घेतात, तरी रस्त्याचा भराव हे तिचे फार मोठे गिऱ्हाईक होऊ शकते. माथ्याशी दहा मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि नेहमीच्या उताराच्या भरावाला दर किलोमीटरला सुमारे २८ हजार घनमीटर माल लागतो. तो मुरूम म्हणून टेकड्या पोखरून आणायचा, की साचलेल्या राखेतून? राख मातीहून हलकी असल्याने खालची नरम जमीन कमी दबते, आणि चुन्यासोबत ती घट्ट होते. भेगाळणाऱ्या, फुगणाऱ्या काळ्या मातीवर हा गुण मोलाचा आहे. दिल्लीत यमुनेच्या पूरक्षेत्रात निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा भराव राखेचाच आहे.

आक्षेप मात्र खरा आहे. राखेत आर्सेनिक, शिसे असे धातू असतात. पाणी मुरले तर ते विहिरीत उतरू शकतात, आणि कोरडी राख वाऱ्याबरोबर श्वासात जाते. यावर उपाय आहे: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार राख पोटात राहते, बाजूंना व वर मातीचे कवच येते, पाण्याचा निचरा राखला जातो. पण कागदावरचे कवच पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष चढले नाही, तर पहिल्याच मुसळधार पावसात राख नाल्यात जाते. म्हणून नाल्याकाठच्या, भूजल उथळ असलेल्या आणि वन्यजीवांच्या पाणवठ्यांजवळच्या टप्प्यांत राख वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरत्र कामाच्या आधी आणि नंतर विहिरींचे पाणी तपासून निकाल ग्रामपंचायतीत लावावा. राखेची विल्हेवाट लावायची म्हणून रस्ता उंच करणे, हा तर जंगलावर आणखी एक घाव ठरेल.

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील रस्तेकामांना राख वापरणे बंधनकारक आहे, मात्र ती वीज केंद्राने मोफत आणि वाहतूकखर्च सोसून पोचवली पाहिजे. या वर्तुळात गडचिरोली येते. तरीही त्या जिल्ह्यातल्या भामरागडपर्यंत डिझेल जाळत राख नेण्यात मला शहाणपण दिसत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, मूल परिसर तिचा खरा हक्कदार आहे. गडचिरोलीसाठी वेगळा विचार हवा. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक तिथले रस्ते झिजवतात, आणि कोनसरीत लोहउद्योग उभा राहतो आहे. पोलाद भट्ट्यांतला टाकाऊ अवशेष, म्हणजे स्लॅग, गिट्टीला पर्याय ठरतो. सुरतजवळ हाजिऱ्यात २०२२ मध्ये तसा सहापदरी रस्ता झाला. फक्त स्लॅगमधला मोकळा चुना ओलाव्याने फुगतो, त्यामुळे तो आधी मुरवून, तपासूनच वापरावा लागतो. कोनसरीत पोलादाच्या भट्ट्या पेटण्याआधीच ही मुरवण्याची जागा आणि चाचणीची अट परवान्यात लिहिली पाहिजे.