नदालचा चेंडू एवढा उसळायचा कसा?

राफेल नदालचा फोरहँड कधी स्लो मोशनमध्ये पाहिलाय? नसेल तर आजच बघा! रॅकेट खालून वर येते, चेंडूला घासून जाते आणि त्याचा हात थेट डोक्यावरून मागे फिरतो. चेंडू तारांना टेकतो तो जेमतेम सेकंदाचा दोनशेवा भाग. पण तेवढ्यातच त्याला केवढी फिरकी मिळते! मोजणाऱ्यांना मिनिटाला सरासरी 3200 फेऱ्या आढळल्या, म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त.

ही पुढच्या दिशेनं फिरणारी फिरकी म्हणजे टॉपस्पिन. चेंडूवरची लव आजूबाजूची हवा सोबत ओढते आणि चेंडूमागची हवा वरच्या बाजूला ढकलली जाते. हवा वर, म्हणून चेंडू खाली! हाच मॅग्नस परिणाम. त्यामुळे नदाल जाळीच्या बराच वरून जोरात फटका मारायचा. चेंडू आता बाहेरच जाणार असं वाटत असतानाच तो झपकन खाली वळून रेषेच्या आत पडायचा.

खरी मजा त्याच्यापुढे. पॅरिसच्या फ्रेंच ओपनचं लाल कोर्ट म्हणजे विटांच्या भुकटीचा एक-दोन मिलिमीटरचा थर. या खरखरीत थरावर चेंडूचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. त्यात फिरकी नदालची! चेंडू समोरच्याच्या पार खांद्यापर्यंत यायचा. शिवाय नदाल लिहितो उजव्या हातानं, पण टेनिस खेळायचा डाव्या हातानं. त्यामुळे त्याचा तिरका फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवरच जायचा. एका हातानं बॅकहँड मारणाऱ्या रॉजर फेडररला विचारा! तिथल्या 4 अंतिम सामन्यांत नदालनं त्याला हरवलंय.

नदाल स्पेनच्या मायोर्का बेटावरचा, मनाकोर गावचा. टोनीकाकांनी त्याला लहानपणापासून शिकवलं. 2005 साली, वयाच्या 19व्या वर्षी, तो पहिल्यांदा फ्रेंच ओपन जिंकला.

2020 साली करोनामुळे ही स्पर्धा मे-जूनऐवजी थंडीत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. थंड हवेत चेंडू कमी उसळतो, दमट मातीनं जड होतो. नदालचं हत्यारच बोथट होणार, असं अनेकांना वाटलं. अंतिम सामन्यात समोर होता नोव्हाक जोकोविच. नदाल 6-0, 6-2, 7-5 असा जिंकला आणि अख्ख्या स्पर्धेत त्यानं एकही सेट गमावला नाही. ते त्याचं तिथलं 13वं विजेतेपद. 14वं आलं 2022 साली.