वाचनकक्ष भरलेला, लॉगिन बंद

परीक्षा जवळ आली की महाविद्यालयाच्या वाचनकक्षात बसायला जागा उरत नाही. टेबलांवर मात्र ग्रंथालयाची पुस्तकं कमीच. घरून आणलेली एमपीएससीची पुस्तकं, झेरॉक्स नोट्स आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ यांवरच अभ्यास चालतो. शांत जागा, पंखा आणि सोबत अभ्यास करणारी मुलं मिळतात, हेही थोडं नव्हे. पण त्याच ग्रंथालयाने पैसे भरून घेतलेला मोठा ऑनलाइन साठा या मुलांपर्यंत पोचत नाही, याचं वाईट वाटतं.

गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना खास महाविद्यालयांसाठी आहे. वर्षाला काही हजार रुपयांत सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिकं आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं मिळतात. महाविद्यालयाने यादी पाठवली की प्रत्येकाच्या ईमेलवर लॉगिन येतं. मग वसतिगृहातूनही वाचता येतं. अडतं ते अगदी साध्या ठिकाणी. प्रवेशअर्ज सायबर कॅफेत भरलेला, ईमेलही तिथेच काढलेला. त्याचा पासवर्ड मुलांना ठाऊकच नसतो.

प्राध्यापकांना अशा साधनांची आठवण होते ती बहुधा पीएचडी किंवा पदोन्नतीच्या वेळी. आपला विषय आधी कुणी घेतलाय का, हे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहिलं जातं. वर्गात मात्र संदर्भ म्हणून पुन्हा तेच ठरलेलं गाईड. खरी तूट इथे आहे. ‘अमुक लेख वाचून या, पुढच्या तासाला त्यावर बोलू’ असं शिक्षकाने सांगितलं तरच मुलं लॉगिन शोधतात.

भाषेची अडचणही खरी आहे. एन-लिस्टमधलं बहुतेक साहित्य इंग्रजी. मराठीतून बी.ए. करणाऱ्यांना शोधगंगेवरचे मराठी प्रबंध आणि मोफत उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश आधी दाखवायला हवा.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आणि तीन वर्षांसाठी 6,000 कोटींची तरतूद, असा तिचा आवाका. पण ती मंजूर झाली ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी. महाराष्ट्रात बहुसंख्य महाविद्यालयं खाजगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली. तिथल्या मुलांना आधार एन-लिस्टचाच. म्हणून नव्या वर्गाची यादी प्रवेश संपताच गेली पाहिजे, आणि पहिल्या महिन्यातला एक तास संगणक कक्षात, ग्रंथपालांसोबत, प्रत्येकाचं लॉगिन उघडून पाहण्यासाठी राखला पाहिजे.