18 तास अभ्यास, 48 तासांचा आठवडा आणि आपला थकवा

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत आलटून पालटून रात्रपाळी करणारी आपली मुले, गावात घरोघर सर्वेक्षण करीत फिरणाऱ्या आशाताई, टार्गेटखाली दबलेला घरातला पहिला पदवीधर. यांच्यापैकी कोणी "आता होत नाही माझ्याकडून" म्हटले, की घरचे म्हणतात, आळशी झालाय. तो आळस असेलच असे नाही.

याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली. तो आजार नसून कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे संघटना सांगते. खुणा तीन: अंगातली सगळी शक्ती ओसरणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटत राहणे. साधा थकवा सुट्टीच्या झोपेने जातो. इथे मात्र सुट्टीच्या संध्याकाळीच उद्याच्या पाळीच्या विचाराने पोटात गोळा येतो. ज्या बाळंतिणीसाठी आशाताई मध्यरात्री धावायची, तिचाच फोन आला की चिडचिड होते.

आपल्या समाजात हे ओळखायला उशीर होतो, त्याला एक खास कारण आहे. बाबासाहेब 18 तास अभ्यास करायचे, हे ऐकत आपण वाढलो. जयंतीला सलग 18 तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ते चांगलेच आहेत. पण त्याच प्रेरणेचा पुढे नोकरीत जाच होतो. मी थांबलो तर लोक म्हणतील, कोट्यातून आलेला, याला जमणार कसे? म्हणून दुप्पट काम करायचे आणि तोंड उघडायचे नाही.

त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखाना कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. त्याआधी 1890 मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. विश्रांती हा हक्क आहे, हे आपल्याच चळवळीने सांगितले. आणि 18 तासांची किंमत बाबासाहेबांच्या शरीराने मोजली: मधुमेह, पायांच्या वेदना, निद्रानाश.

तथागतांकडेही हा प्रश्न आला होता. सोण नावाचा भिक्खू चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत थांबेना. शेवटी सगळे सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर वीणा वाजेल का? सोण पूर्वी वीणा वाजवायचा, त्यामुळे उत्तर त्याचे त्यालाच ठाऊक होते. त्याला साधना सोडायला सांगितले नाही, तार जुळवायला सांगितले.

पण नोकरीत तार नेहमी आपल्या हाती नसते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास मात्र कायम आहेत. त्यामुळे केवळ "आनापान करा, बरे वाटेल" हा सल्ला मला अपुरा वाटतो. ध्यानाने मन सावरते, पाळी कमी होत नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्यात आहे. आपले तास वहीत लिहून ठेवा, साप्ताहिक सुट्टी सोडू नका, बदल मागायचा तर चार सहकाऱ्यांना किंवा युनियनला बरोबर घ्या. सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन दिवसांच्या रजेवर हिशेब मिटत नाही.

कामाबाहेरही कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, मराठीतही मिळते.

विहाराच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला दुपारच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या लावायला उठवू नका.